भोगवटादार

"कंपनी म्हणजे कायद्यानं जन्माला घातलेलं माणूस," सबनीस म्हणाले. "तिचं नाव वेगळं, तिचा पैसा वेगळा. उद्या ती बुडाली तरी तुमच्या घरातलं भांडंही कुणी उचलून नेऊ शकत नाही. भागीदारीत तसं नाही. तिथं एकानं शेण खाल्लं तर वास सगळ्यांच्या तोंडाला येतो. आणि एकट्याच्या नावावरचा धंदा म्हणजे तर सगळंच डोक्यावर."

"म्हणून तर मी पहिल्यापासून प्रायव्हेट लिमिटेड म्हणतोय," आण्णा म्हणाले.

सांगलीत विश्रामबागेला सबनीस सीएंचं ऑफिस होतं, दुसऱ्या मजल्यावर. मे महिन्यातली सकाळ, साल दोन हजार पाच. त्यांच्या टेबलासमोर आम्ही चौघं ओळीनं बसलो होतो. मी, माझे यजमान सुकुमार, त्यांचे थोरले भाऊ बाळगोंडा, म्हणजे आमचे आण्णा, आणि आण्णांच्या बायको पद्माक्का. माझ्या मांडीवर एक पिशवी होती आणि तिच्यात नवी केशरी साडी. सकाळी निघताना आण्णांनी ती माझ्या हातात दिली होती आणि म्हणाले होते, "आजपासून तू डायरेक्टर. साध्या पिशवीतनं न्यायची साडी न्हवं ही, पण घे."

तासगावच्या बाहेर आण्णांचं कोल्ड स्टोरेज होतं. अकरा वर्षं त्यांच्या एकट्याच्या नावावर चाललेलं. द्राक्षाचा हंगाम संपला की पंचक्रोशीतला बेदाणा तिथं येऊन पडायचा. शेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये वीस-बावीस बायका दिवसभर बेदाणा निवडत बसायच्या. आता त्या धंद्याची कंपनी होणार होती, आणि तिच्या डायरेक्टर होत्या फक्त दोघी, मी आणि आक्का. यजमान पाटबंधारे खात्यात शाखा अभियंता. सरकारी नोकराला धंदा करता येत नाही. आण्णा बाजार समितीच्या निवडणुकीला उभे राहणार होते, त्यामुळे त्यांच्या म्हणण्याप्रमाणे एवढ्यात त्यांच्या नावावर काही नको होतं. आमच्याकडे अशा वेळी बायकांची नावं लावतात. कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही, बायकांना तर नाहीच.

मला तर उलट आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू. पुण्याच्या कंपनी नोंदणी कार्यालयाला नावासाठी सहा पर्याय पाठवायचे होते. आण्णांनी पहिलंच नाव माझं लिहिलं होतं, जयमाला शीतगृह. ते मंजूर होऊन आलं. मगदुमांच्या घराण्यात बाईच्या नावाची पाटी आजवर लागली नव्हती. मी माहेरी दोनदा फोन करून सांगितलं.

एरवी मी भित्री म्हणून सगळ्या घरात प्रसिद्ध. पालीला भिते, विजेला भिते, मुलगी क्लासवरून यायला दहा मिनिटं उशीर झाला की दारात जाऊन उभी राहते. रात्री झोपायच्या आधी गॅसच्या सिलिंडरची कळ बंद आहे का ते तीनदा बघते. यजमान म्हणायचे, "चौथ्यांदा बघून ये, नाहीतर त्या कळीला वाईट वाटेल." त्यामुळे डायरेक्टर झाल्यावर घरात थोडा भाव वाढेल असंही मला वाटत होतं.

सबनीसांनी कंपनीच्या घटनापत्रिकेचं शेवटचं पान पुढं केलं. त्यावर नाव, पत्ता, व्यवसाय, सगळं आपल्या हातानं लिहायचं असतं. मी लिहिलं. मग आक्कानं जीभ दाताखाली धरून एकेक अक्षर कोरलं. पाच-सात मिनिटं आम्ही सगळे पंख्याचा आवाज ऐकत बसलो होतो.

"आता हा एक," म्हणत सबनीसांनी दुसरा कागद माझ्यापुढं सरकवला. "कारखाने निरीक्षकांच्या ऑफिससाठी. इथं सही."

कागदावर माझं नाव आधीच टाईप केलेलं होतं आणि पुढं लिहिलं होतं, भोगवटादार.

"भोगवटादार म्हणजे?"

"नावापुरतं असतंय ते," आण्णा म्हणाले. "कर सही."

सबनीसांनी चष्मा काढला. ते सरळ माणूस होते, हे मला त्या दिवशी कळलं. ते म्हणाले, "नावापुरतं नसतं, आण्णासाहेब. वहिनी, कारखान्याचा अखेरचा ताबा ज्याच्याकडे, तो भोगवटादार. कंपनी असेल तर डायरेक्टरांपैकीच एकाचं नाव द्यावं लागतं. कारखान्यात कामगारांच्या जिवाचं काही बरंवाईट झालं तर खटला त्याच्यावर होतो."

"पण तुम्ही म्हणालात की कंपनी वेगळी आणि आपण वेगळे."

"पैशापुरतं. कंपनीला हातपाय नसतात. तुरुंगात जायची वेळ आली तर हातपायवालं कुणीतरी लागतंच."

हे ते अगदी सहज बोलले. माझ्या हातातलं पेन मात्र ओलं झालं.

आठच दिवसांपूर्वी पेपरात बातमी आली होती. सोलापूरकडच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये थंडावा करणारा अमोनिया वायू गळला. दोन कामगार जागेवर गेले. तिथली डायरेक्टर एक बाई होती, घरात कुरडया घालत असताना तिला पोलिसांनी उचललं. तिचा फोटो आला होता, तोंडावर पदर घेतलेला. त्या पदराला कुरडईचं पीठ लागलेलं होतं, की मलाच तसं दिसत होतं, कोण जाणे. त्या बाईनं म्हणे ते कोल्ड स्टोरेज आतून कधी बघितलंही नव्हतं. तेव्हा मी बातमी वाचून हळहळले होते आणि पेपर घडी करून ठेवला होता. ती बाई आणि मी एकाच कागदावर आहोत हे तेव्हा माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

मी आण्णांकडे बघितलं. मग मला जे सुचलं ते मी विचारलं.

"आण्णा, आपल्या गॅसची कळ कुठं आहे?"

"कसली कळ?"

"बंद करायची. घरातल्या सिलिंडरची कुठं आहे ते मला माहीत असतं. त्या अमोनियाची कुठं आहे?"

"ते इलाही बघतोय की. अकरा वर्सं त्योच काम करतोय." आण्णा हसले. "तुला कुठं तिथं जाऊन बसायचंय?"

मी यजमानांकडे वळले. "तुम्हाला माहीत आहे?"

"अगं, असतो एक व्हॉल्व्ह. तू सही कर ना, नावापुरतं तर आहे." ते माझ्याकडे बघत नव्हते. टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत होते.

"मला बघायचाय तो."

"आत्ता?" आण्णा म्हणाले. "सबनीस साहेबांचा माणूस उद्या सकाळी पुण्याला जातोय कागद घेऊन."

"हा कागद पुण्याला जायचा नाही," सबनीस म्हणाले, "हा इथंच द्यायचाय. वहिनी, घेऊन जा, वाचा, मग सही करा. मला घाई नाही." त्यांनी तो कागद पाकिटात घातला आणि त्याबरोबर तिसराही एक घातला. तो आण्णांनी सांगून करून घेतलेला. कंपनीचा सगळा कारभार आण्णांनी बघावा, नोकर ठेवावेत, काढावेत, बँकेत सह्या कराव्यात, असं आम्ही दोघी डायरेक्टरांनी त्यांना दिलेलं अधिकारपत्र. ते मी गाडीत वाचलं. सगळी सत्ता तिसऱ्या कागदावर आण्णांची होती आणि तुरुंग दुसऱ्या कागदावर माझा होता.

वाटेत आक्का एकदा म्हणाली, "दिवस मावळायच्या आत घरला पोचाय पायजे हं. मी जेवान केलंय." आक्का सूर्यास्तानंतर अन्नाला शिवत नसे. तिचा सगळा दिवस त्या एका वेळेला बांधलेला असायचा.

कोल्ड स्टोरेजच्या फाटकाशी गाडी थांबली आणि मी वर बघितलं. नवी पाटी लागली होती. निळ्यावर पांढऱ्या अक्षरांत, जयमाला शीतगृह प्रायव्हेट लिमिटेड. कंपनी अजून जन्माला यायची होती, पण तिचं बारसं होऊन गेलं होतं. महिनाभर ज्या पाटीची मी वाट बघत होते तिच्याकडे मला बघवेना.

"कशी झालीय?" आण्णांनी विचारलं.

"चांगली आहे," मी म्हणाले.

मशीनच्या खोलीत इलाहीभाई मुजावर होते. पन्नाशीचे, बारीक, तोंडात सुपारी. मला बघून ते गडबडीनं उठले. त्यांच्या उजव्या हाताला मनगटापासून बोटांपर्यंत फडकं गुंडाळलेलं होतं. आत कॉम्प्रेसरची धडधड आणि नाकात झोंबणारा एक बारीक वास. तो वास रोजचाच, असं आण्णा म्हणाले आणि फोनवर बोलत बाहेर गेले. यजमान दारातच उभे राहिले.

"इलाहीभाई, गॅस बंद करायचा मुख्य व्हॉल्व्ह कुठला?"

"ह्यो की भाबी. किंग व्हॉल्व्ह." त्यांनी एका लांबलचक टाकीजवळ बोट दाखवलं. "ह्यो बंद केला की टाकीतला गॅस टाकीतच ऱ्हातो. म्होरं जात न्हाई."

चंदेरी रंगाचं, ताटाएवढं चाक होतं ते. त्यावर हळदीकुंकवाची बोटं उमटलेली आणि वाळलेल्या झेंडूची माळ. मी चप्पल बाहेर काढून आले होते, देवघरात आल्यासारखी. मी माळ बाजूला केली, दोन्ही हातांनी चाक धरलं आणि फिरवलं. ते हललं नाही.

"उलटं फिरवतेय का मी?"

"न्हाई, बरुबर हाय." इलाहीभाईंनी डावा हात लावला. मग फडकं बांधलेला उजवाही लावला आणि कळवळून काढून घेतला. चाक जागचं हललं नाही.

मी वाकून बघितलं. चाकाच्या मधोमध जो दांडा होता त्याच्यावर, आणि तो जिथं आत जातो त्या फटीवर, रंगाचे थर बसले होते. एकावर एक.

"हे रंगवलंय कुणी?"

"आमीच की. दर खंडेनवमीला समदी मशीन रंगवतो. मग पूजा. आण्णा सवता नारळ फोडत्यात." ते थोडं अभिमानानंच बोलले.

"आणि फिरवता कधी?"

सुपारी गालातल्या गालात फिरली.

"फिरवायची येळच आली न्हवती भाबी."

भिंतीला खुंटीवर गॅसपासून वाचायचा मुखवटा टांगला होता. तो अजून बनवणाऱ्या कंपनीच्या प्लॅस्टिक पिशवीत होता. पिशवीला कुंकू लावलेलं होतं आणि तिलाही हार.

अकरा वर्षं. अकरा खंडेनवम्या. मला एकदम हसू आलं. मी टाकीला हात टेकला, मग ती टाकी आहे हे लक्षात येऊन पटकन काढून घेतला.

"न्हवती म्हणालात," मी म्हणाले. "वेळ आली नव्हती म्हणालात. मग आता आली का? हाताला काय झालं?"

इलाहीभाईंनी दाराकडे बघितलं. दारात यजमान होते. मग ते हळू आवाजात म्हणाले, "शिमग्याच्या आधी दोन दिस. आतल्या पाइपाला चीर पडली. गॅस शेडमदी शिरला. मी ह्यो बंद कराय आलो तर फिरंना. मग मशीन बंद केलं आन् आत जाऊन पाइपाला वली पोती गुंडाळली. तवा हात भाजला. थंडीनं भाजतंय त्ये, आगीवानी. बायका पळाल्या समद्या. त्यातली शेवंता तेवढी पडली."

"शेवंताला ऊन लागलं होतं. दवाखान्यात होती चार दिवस," मी म्हणाले.

"व्हय," इलाहीभाई म्हणाले. "ऊन लागलं असंच सांगायचं ठरलं हुतं."

मी मनातल्या मनात दिवस मोजले. होळी झाली आणि आठ दिवसांनी आण्णा पेढ्यांचा पुडा घेऊन आमच्या घरी आले होते. म्हणाले होते, जयमाला, कंपनी काढू या, तुझ्या नावानं. निवडणुकीचा विषय त्यांनी त्याच्या नंतर काढला होता. सोलापूरकडची बातमी तर आत्ता, मागच्या आठवड्यातली. आण्णा घाबरले होते ते पेपर वाचून नव्हे. ते आपल्याच शेडमध्ये घाबरले होते, आणि घाबरल्यावर त्यांनी व्हॉल्व्ह दुरुस्त केला नाही, मालक बदलला.

मी यजमानांकडे गेले. "तुम्हाला माहीत होतं?"

"थोडं झालं होतं असं आण्णा म्हणाला होता. किरकोळ."

"मला का नाही सांगितलं?"

"तू घाबरली असतीस."

एकवीस वर्षांच्या संसारात मला त्यांचा इतका राग कधी आला नव्हता. ओरडावंसं वाटलं, पण भिंतीपलीकडून बायकांच्या बोलण्याचा आवाज येत होता. कुणीतरी कुणाच्या तरी सुनेची नक्कल करत होतं आणि बाकीच्या हसत होत्या. भिंतीच्या अलीकडे ती टाकी, आणि तिचं चाक फिरत नव्हतं. त्या क्षणी मला तुरुंगाची भीती वाटेनाशी झाली असं मी सांगणार नाही. तुरुंगाची होतीच. पण त्या हसण्याची भीती जास्त वाटली.

"इलाहीभाई, हे आत्ता मोकळं करायचं."

"आत्ता? भाबी, धा वर्सं जाम झालेलं हाय. जोर लावला आन् दांड्याच्या बुडातनंच गॅस सुटला तर?"

"मग आधी बायकांना बाहेर काढू."

आण्णा फोन खिशात घालत आत आले. "काय चाललंय?"

मी सांगितलं. ते इलाहीभाईंकडे असे बघत राहिले की त्यांनी मान खाली घातली.

"उद्या फिटर बोलावतो," आण्णा म्हणाले. "आज गाड्या यायच्यात मालाच्या. काम बंद केलं तर बोभाटा हुईल. बायका गावभर सांगतील."

"सांगू देत."

"जयमाला, तुझा काय संबंध ह्यात?"

मी पाकिटातला कागद काढला आणि त्यांच्यापुढं धरला. माझं नाव टाईप केलेलं होतं, खाली सहीची जागा मोकळी होती. नुसता कागद धरून उभी राहिले.

आण्णा बाजूला झाले नाहीत, पण आडवेही आले नाहीत.

बायका बाहेर आल्या. काय झालं, काय झालं करत फाटकाशी जमल्या. तिथं इलाहीभाई म्हणाले, "हितं न्हवं. वारं हिकडं असलं तर समदा गॅस हितंच यायचा." पण वारं कुठलं आहे ते कुणालाच सांगता येईना. मे महिन्यातली दुपार, पान हलत नव्हतं. मी गाडीतनं पिशवी आणली, केशरी साडी काढली, आणि पदराच्या बाजूनं दातानं धरून टरकन फाडली. आक्का "अगं अगं" म्हणाली. तो पट्टा आम्ही बांबूला बांधून शेडच्या कोपऱ्यावर उभा केला. जरा वेळ तो नुसता लोंबला. मग हळूच पूर्वेकडं उचलला गेला. फाटक पूर्वेलाच होतं.

"मागच्या बाजूला," मी म्हणाले. "सगळ्या मागच्या बाजूला, बाभळीखाली."

शेवंता माझ्याजवळून गेली. तिशीची, काटक. जाताना तिनं विचारलं, "परत सुटलाय व्हय वो?"

"नाही. सुटू नये म्हणून."

तिनं पदराचं टोक पाण्याच्या टाकीत बुचकळलं आणि नाकाला धरलं. तिचं बघून बाकीच्यांनी तसंच केलं. ते तिला कुणी शिकवलं नव्हतं, शिमग्याच्या आधी दोन दिवस ती शिकली होती.

मशीन बंद झालं. त्या खोलीत अकरा वर्षांत प्रथमच इतकी शांतता झाली असेल. इलाहीभाईंनी हार घातलेली पिशवी फाडून मुखवटा काढला आणि तोंडावर चढवला. ब्लेडनं रंग खरवडला, दांड्यावर रॉकेल सोडलं, मग थांबले. परत सोडलं, परत थांबले. एका हातानं त्यांना जमेना. यजमान दारातून पुढं आले. त्यांनी शर्टाच्या बाह्या वर केल्या, नाकातोंडावर ओला रुमाल बांधला, आणि माझ्याकडे न बघता पाइप पान्याला हात घातला.

"तू बाहेर जा," ते म्हणाले.

मी गेले नाही. जायला हवं होतं, पण पाय उचलले नाहीत. भीतीनं माणूस पळतं म्हणतात, मी भीतीनं तिथंच रुतले.

पाना अडकवून दोघांनी जोर लावला. काही नाही. परत लावला. कर्रर्र असा आवाज झाला आणि त्याबरोबर दांड्याच्या बुडातून फुस्स करून बारीक पांढरी वाफ आली. डोळ्यांत कुणीतरी मिरची चोळली असं वाटलं. मला दिसायचं बंद झालं. यजमान खोकत होते. इलाहीभाई मुखवट्यातून ओरडले, "सोडू नगा, फिरतंय, सोडू नगा." मी भिंतीला धरून उभी होते आणि मनात फक्त णमोकार मंत्र चालला होता, तोही धड नाही, पहिलीच ओळ परत परत.

मग वाफ थांबली. मी डोळे उघडले तेव्हा चाक अर्धं वळलेलं होतं.

त्यानंतर तासभर ते पुढं-मागं, पुढं-मागं करत राहिले. इलाहीभाईंनी बुडाचा नट आवळला. साडेपाचला त्यांनी मुखवटा काढला आणि म्हणाले, "भाबी, आता बघा."

मी चाक धरलं. जड होतं, पण फिरलं. मी ते पूर्ण बंद केलं. परत पूर्ण उघडलं. परत बंद केलं. तीनदा. यजमान बघत होते. या वेळी ते चौथ्यांदा बघ म्हणाले नाहीत. त्यांचे डोळे लालभडक झाले होते, वाफेनं किंवा आणखी कशानं.

बाहेर आण्णा बेदाण्याच्या बॉक्सवर बसले होते. मी त्यांच्यासमोर दुसरा बॉक्स ओढला, त्यावर कागद ठेवले आणि पेन काढलं.

"आता तर झालं न्हवं मनासारखं?" आण्णा म्हणाले. "कर सह्या."

मी दुसऱ्या कागदावर सही केली. जयमाला सुकुमार मगदूम, भोगवटादार. सही वाकडी आली. आजही ती सरकारी फायलीत वाकडीच असेल.

तिसरा कागद मी घडी करून पिशवीत ठेवला, उरलेल्या साडीबरोबर.

"त्याच्यावर ऱ्हायली," आण्णा म्हणाले.

"त्याच्यावर नाही करणार. नवा पाइप आणि नवा व्हॉल्व्ह बसेपर्यंत शेडमध्ये कुणी बसणार नाही. माल बाहेर निवडायचा, मांडव घालून. आणि शेवंताला काय झालं होतं ते दवाखान्यात खरं सांगायचं."

"असं कुठं असतंय?" त्यांचा आवाज चढला. बाभळीखालच्या बायका बघायला लागल्या तसा तो परत खाली आला. "धंदा मी उभा केला. मग हितं मी कोण?"

मला त्यांची भीती वाटत होती. लग्न होऊन आल्यापासून मी त्यांच्यापुढं मान वर करून बोलले नव्हते. आताही मी त्यांच्याकडे बघू शकले नाही, म्हणून वर बघितलं, फाटकाकडे.

"पाटी तुम्हीच लावलीत, आण्णा," मी म्हणाले.

मग आक्का उठली, माझ्याजवळ आली आणि तिनं तो घडी केलेला कागद पिशवीतून काढून बघितला. तो इंग्रजीत होता, तिला वाचता येत नव्हता. "ह्याच्यावर माझी पण सही लागती व्हय?" तिनं विचारलं. मी हो म्हणाले. "मग माझी पण ऱ्हाऊ दे," ती म्हणाली आणि आण्णांना म्हणाली, "चला, दिवस मावळतोय."

त्या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. आण्णा बाजार समितीवर निवडून आले, दोनदा. माझ्याशी ते दोन वर्षं बोलले नाहीत, मग बोलायला लागले. आता थकलेत. सकाळी येऊन फाटकाशी खुर्ची टाकून बसतात आणि आल्या-गेल्याला वारं कुठलं आहे ते सांगतात. बांबूवर अजूनही केशरीच कापड असतं, आता ते बाजारातून आणतो.

मी रोज नऊ वाजता येते, किंग व्हॉल्व्ह बंद करते, उघडते आणि मगच मशीन सुरू होतं. खंडेनवमीला सगळं रंगवतात, ते चाक सोडून. हाताच्या घामानं ते काळं पडलंय. गॅस त्यानंतर दोनदा सुटला. एकदा सहा मिनिटांत, एकदा चार मिनिटांत शेड रिकामी झाली. दोन्ही वेळा मी घरी जाऊन रात्रभर जागत बसले होते. माझी भीती काही गेली नाही. सवय होईल असं लोक म्हणायचे, पण नाही झाली.

मागच्या महिन्यात निवडायला एक नवी मुलगी आली. पहिल्याच दिवशी मी सगळ्यांची पळायची तालीम घेतली, दर सोमवारी घेते तशी. ती पोरगी घाबरली. शेवंताला विचारायला लागली, हितं लई धोका हाय का, मावशी? शेवंता आता मुकादम आहे. मी खिडकीच्या पलीकडे आहे हे तिला माहीत नव्हतं.

"तू निवड गं गप," ती म्हणाली. "भ्यायला बाई हायती की. त्यासाठीच ठेवलीया त्यास्नी."

सगळ्या हसल्या. मी तशीच मागं फिरले आणि चाक एकदा परत बघून आले.